गिरणीच्या गाळ्यातलं जायफळ

आमच्या मुलीने कॉफीच्या दुकानासाठी घेतला तो गाळा आधी पिठाच्या गिरणीचा होता. ठाण्याच्या वर्तकनगरमध्ये, जुन्या वसाहतीत, रस्त्याला लागून. गिरणीवाले काका थकले आणि गावी गेले. मुलीने भिंती खरवडून घेतल्या, तीन हात रंग दिला, तरी एका कोपऱ्यातून अजून ज्वारीच्या पिठाचा वास येतो. मला तो आवडतो. मुलीला हे सांगितलेलं नाही.

वास गेला नाही तशी माणसंही गेली नाहीत. रंगकाम चालू असतानाच लोक डबे घेऊन यायचे. गहू, तांदूळ, भाजणी. मुलगी सांगायची, "काकू, इथे आता कॉफी मिळणार." बाई डबा तसाच कमरेवर ठेवून म्हणायची, "मिळू दे की. माझं एवढं बारीक करून दे." समोरच्या इमारतीतल्या एक आजी तर तीनदा आल्या. तिसऱ्यांदा त्यांनी डबा ठेवला आणि म्हणाल्या, "संध्याकाळी नेते, घाई नाही."

मुलगी बंगळुरूला जाऊन कॉफी शिकून आलेली. आम्ही घरी पितो ती कॉफी वेगळी आणि ही वेगळी. हिच्यात दूध नाही, साखर नाही, आणि ती प्यायची म्हणजे आधी वास घ्यायचा, मग चव ओळखायची. दुकानात तिने एक मोठं गोल चित्र लावलंय, त्यात चवींची नावं आहेत. संत्र्याची साल, भाजलेला बदाम, ओला गूळ, जांभूळ, फुलं. आमचे हे मोहने गावच्या कारखान्यात नोकरीला होते, आता घरी असतात आणि सगळ्या गोष्टींवर बोलतात. त्यांनी ते चित्र चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि म्हणाले, "एवढं सगळं खायचंय तर तेच खावं की. मध्ये ही कडू कशाला?"

माझं काम ठरलं होतं. मुलगी म्हणालेली, "आई, तू आत थांब, कप धू. कोणाशी बोलायची गरज नाही." मला फार बरं वाटलेलं. माझा आवाज लहान आहे आणि अनोळखी माणूस समोर आला की तोही जातो. भाजीवाल्याला मी बोटाने भाजी दाखवते. एकदा त्याने मेथीच्या जागी शेपू दिला, तो मी मुकाट्याने घरी आणला आणि आम्ही तिघांनी तो खाल्ला. आमच्या घरात शेपू कोणालाच आवडत नाही.

दुकान उघडायचं ते शनिवारी संध्याकाळी पाच वाजता. पण खरी परीक्षा त्याच्या आधी, तीन वाजता होती. ज्यांच्या कॉफीच्या बिया मुलीला हव्या होत्या ते बागवाले स्वतः येणार होते. त्यांची बाग चिकमगळूरकडे, डोंगरात. वरच्या अंगाचा एक लहानसा तुकडा आहे, तिथल्या बिया ते मोजक्याच दुकानांना देतात. आधी येऊन बसतात, आपलीच कॉफी त्या माणसाच्या हातची पितात, आणि मग हो की नाही ते सांगतात. मुंबईतल्या बऱ्याच जणांना नाही म्हणालेले. मुलीने सगळं दुकान त्या बियांच्या भरवशावर मांडलेलं. भिंतीवर तोच डोंगर रंगवून घेतलेला. ते नाही म्हणाले असते तर आमच्याकडे डोंगर आणि खुर्च्या राहिल्या असत्या. त्यांनी नमुन्याला पाठवलेली एक पिशवी होती, तेवढीच.

आणि त्याच दिवशी मुलीला सर्दी झाली. साधीसुधी नाही. डोळे लाल, नाक बंद, बोलली की पाण्यात बुडून बोलतेय असं वाटायचं. तिचं सगळं शिक्षण नाकाचं आणि नाकच गेलं.

"आई," ती म्हणाली, "आज तूच माझं नाक. मी बिया दळल्या की तू वास घे आणि सांग, बरोबर आहे की नाही."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तुला शेजारची फोडणी जळलेली कळते. पुरे आहे तेवढं."

हे म्हणाले, "माझ्या चपलांचा वाससुद्धा तिला खालच्या मजल्यावरून येतो." ते यांनी कौतुकाने सांगितलं.

सकाळी यांनीच पूजा केली. नारळ फोडला, कॉफीच्या यंत्राला हळदकुंकू लावलं. दळायच्या यंत्रालाही लावलं. मुलगी दोनदा म्हणाली, "बाबा, आत जाऊ देऊ नका हं कुंकू." तिने ते दळायचं यंत्र असं काही जपलेलं की त्याच्याजवळ आम्ही शिंकायचंसुद्धा नाही. वर उलट्या घंटेसारखं भांडं, त्यात बिया घालायच्या, खाली भुकटी पडते. मग दुपारी एक वाजता ती बागवाल्यांना आणायला ठाणे स्टेशनला गेली आणि दुकानात आम्ही दोघंच उरलो.

यांना कॉफी हवी झाली.

"आपल्या दुकानात आहोत आणि कॉफी नाही, हे कसं दिसतं?" हे म्हणाले.

मुलीने सकाळी भुकटी दळून ठेवलेली होती, तिची मी तिने शिकवलं होतं तशी काळी करून दिली. यांनी एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघत राहिले. "मला ताप आलाय का?"

"नाही."

"मग काढा कशाला देतेस? आपली कर ना. दूध घालून. जायफळ घालून."

आता आपल्याकडे कॉफी म्हटलं की जायफळ आलंच. माझी आई करायची, सासूबाई करायच्या, पाहुणा आला, कोजागिरी आली, उपास सोडला, कॉफी आणि जायफळ. पूजेच्या सामानात प्रसादाच्या शिऱ्यासाठी मी एक जायफळ आणलेलंच होतं. पण घरी मी ते किसणीवर किसते. दुकानात किसणी नाही. सहाण नाही, खल नाही. बंगळुरूला किसणी ठेवायला शिकवत नसावेत.

मी यंत्राकडे बघितलं. आता मला माहीत आहे मी काय करायला नको होतं. पण तेव्हा माझ्या डोक्यात वेगळंच होतं. आदल्या आठवडाभर लोक डबे घेऊन येत होते, हे दळून द्या, ते दळून द्या. समोर दळायचं यंत्र. हातात जायफळ. आणि गिरणीचा गाळा. मी जायफळ कागदात गुंडाळलं, मिठाच्या बरणीने ठेचलं, तुकडे वर टाकले आणि बटण दाबलं.

खडीच्या ट्रकसारखा आवाज झाला. मग खाली भुकटी पडली. काय बारीक! किसणीवर जन्मात एवढं बारीक होत नाही. घरी असं एखादं असावं, असं माझ्या मनात आलं. मी दूध तापवलं, साखर घातली, यांना ग्लास दिला. हे भिंतीवरच्या डोंगराकडे बघत म्हणाले, "आता हिला म्हणतात कॉफी."

मी यंत्र फडक्याने पुसून ठेवलं. बाहेरून.

मुलगी आणि बागवाले आले तेव्हा तीन वाजत होते. उंच माणूस, पांढरी मिशी, खादीचा सदरा, खिशात स्वतःचा चमचा. त्यांचं आजोळ बेळगावकडचं, त्यामुळे मराठी छान बोलत, पण वाक्याच्या शेवटी सूर वर न्यायचे. रात्रभर रेल्वेने आलेले. डोळे चुरचुरत होते त्यांचे.

"ताई, नमस्कार. दुकान छान केलंय की."

मी मान हलवली आणि आत मोरीपाशी गेले. मुलीने हाक मारली. "आई, ये ना. वास."

तिने बिया दळल्या. भुकटीची वाटी माझ्या नाकाखाली धरली. आणि मला जायफळाचा वास आला. थोडाथोडका नाही, कोजागिरीच्या पातेल्यात डोकं घातल्यासारखा.  बागवाले दोन हातांच्या अंतरावर उभे, मुलगी लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघतेय.

"बरोबर आहे ना?"

मी म्हटलं, "चांगला आहे."

खोटं नव्हतं ते. वास चांगलाच होता. पण मला जे सांगायचं होतं ते माझ्या घशात आलं आणि तिथेच खुर्ची टाकून बसलं.

मुलीने कागदाच्या गाळणीतून बारीक धारेने पाणी सोडलं. कॉफी कपात उतरली. बागवाल्यांनी खिशातला चमचा काढला, कॉफी घेतली आणि सुर्रर्र करून ओढली. एवढ्या जोरात की मी दचकले. जन्मभर मुलीला सांगितलं, आवाज करून पिऊ नये, आणि ही मोठी माणसं मुद्दाम तसं पितात. मग त्यांनी ती दुसऱ्या पेल्यात चक्क थुंकली. हे माझ्या कानाशी म्हणाले, "आवडली नाही वाटतं. मला पण नाही आवडली."

पण बागवाल्यांनी डोळे मिटले होते. पुन्हा चमचा. पुन्हा सुर्रर्र. ही त्यांनी गिळली.

"जायफळ," ते म्हणाले.

मुलीने नाक पुसलं. "काय?"

"जायफळ येतंय की हिच्यात! एवढं स्वच्छ!" त्यांचा आवाज बदलला. "अहो, आमच्या ओढ्याकाठी जायफळाची झाडं आहेत. माझ्या आजोबांनी लावलेली. माझे वडील म्हणायचे, एक ना एक दिवस ही चव कॉफीत उतरेल बघ. आम्ही सगळे हसायचो त्यांना. भाऊ हसायचा, मी हसायचो. आणि तुमच्या हातून उतरली की! बंगळुरूवाल्यांना नाही जमलं, तुम्ही काढलीत बघा."

मुलीचा चेहरा असा उजळला की सर्दी गेली असं वाटलं. "मी पाणी जरा कमी गरम ठेवलं होतं," ती म्हणाली.

"तेच! तेच ते!"

मग ते उभे राहून सांगायला लागले. माती कशी, उतार कसा, ओढ्याचं पाणी कुठून फिरतं. पिशवीवर आता काय छापायचं तेही ठरलं. मुलगी वहीत लिहून घेत होती. हे मान हलवत होते, जणू ओढा यांनीच वळवला होता. आणि मी हातात ओलं फडकं घेऊन दारात उभी होते. मी गप्प बसले असते तर तिला बिया मिळत होत्या. मला काहीच करायचं नव्हतं, आणि काहीच न करणं मला सगळ्यात चांगलं जमतं. पण पुढची पिशवी आली की तिच्यात जायफळ कुठून येणार? मग मी काय रोज चोरून टाकत बसू? खरं सांगते, एक क्षण मी तोही विचार केला. महिन्याला किती जायफळं लागतील इथपर्यंत पोचले.

तेवढ्यात ते म्हणाले, "थांबा, वडिलांना सांगतो. नव्वदीला आलेत. आज त्यांना रडवणार मी." आणि खिशातून फोन काढला.

फोन वाजायला लागला. तिकडून उचलायच्या आत बोलायला हवं होतं.

"लावू नका!" मी म्हटलं.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. हे खुर्चीवरून अर्धे उठले. बागवाल्यांनी फोन कानापासून लांब धरला.

"जायफळ मी घातलंय," मी म्हटलं. "यांच्या कॉफीत. म्हणजे दळलं. ह्याच्यात. किसणी नव्हती."

 फोन वाजत होता. बागवाल्यांनी बोटाने तो बंद केला.

"ह्याच्यात?" मुलीने यंत्राकडे बोट केलं. "अख्खं जायफळ?"

"ठेचून."

"आई! मी तुला वास विचारला होता!"

"मी चांगला आहे म्हटलं."

"अगं, पण..." तिला शिंक आली. एक नाही, पाच. शिंकांमध्ये तिला ओरडता येईना. मी तिच्या हातात फडकं दिलं, ते भांड्याचं होतं.

हे म्हणाले, "माझी चूक आहे. मी मागितली कॉफी." संसारात यांनी असं पहिल्यांदाच म्हटलेलं, म्हणून लिहून ठेवते.

बागवाले खाली बसले. मिशीवरून हात फिरवला. मला वाटलं आता उठतील आणि जातील, आणि भिंतीवरचा डोंगर आम्हाला पांढरा करावा लागेल. ते त्या डोंगराकडे बघत होते.

"ओढ्याचं मी उगीच सांगितलं," ते म्हणाले. "दहा मिनिटं सांगितलं की नाही?"

"पंधरा," हे म्हणाले.

मी यांच्याकडे बघितलं, पण तोवर बागवाल्यांचे खांदे हलायला लागलेले. हसत होते. आधी आवाज नव्हता, मग आला. पोट धरून हसले, डोळे पुसले, पुन्हा हसले. "वडिलांना सांगितलं असतं तर त्यांनी सगळी कॉफी उपटून जायफळं लावली असती हो!"

मग ते मुलीला म्हणाले, "यंत्र खोला. धुवू नका, ब्रशाने झाडा. सगळं निघालं की पुन्हा करा, मग बघू." आणि यांच्या ग्लासाकडे बोट दाखवलं. "तोपर्यंत ताई, मला ती करा की. दूध घालून."

मी केली. त्यांनी ती थुंकली नाही. दुसरा ग्लास मागितला, तोही संपवला. खिडकीजवळच्या मऊ खुर्चीत जरा टेकले. रात्रीचा रेल्वेचा प्रवास, वरून पंखा, आणि जायफळ. आमच्याकडे झोप न येणाऱ्या पोरांना जायफळ उगाळून चाटवतात, ते उगाच नाही. मुलीने यंत्राचा पहिला स्क्रू काढेपर्यंत बागवाले घोरायला लागलेले.

पाच वाजले. दार उघडावंच लागलं. आणि कॉफीच्या दुकानात शिरल्या शिरल्या लोकांना काय दिसलं तर खिडकीत एक उंच मिशीवाले गृहस्थ तोंड उघडं ठेवून गाढ झोपलेले.

मुलगी आत जमिनीवर बसून ब्रशाने दाते झाडत होती. ती दबक्या आवाजात म्हणाली, "आई, त्यांना उठवू नकोस. तू जा पुढे. मी येतेच."

मी पुढे गेले. समोरच्या आजी पहिल्या. डबा होताच. त्या तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी खिडकीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "कोण गं हे?"

"बागवाले," मी हळूच म्हटलं.

"काय झालंय त्यांना?"

"कॉफी प्यायलेत."

आजींनी डबा खाली ठेवला. "कॉफी पिऊन झोपले?"

"हो."

"मग मला एक दे. मला दोन महिने झोप नाही."

त्यांच्या मागे एक जोडपं आलं, तेही कुजबुजत. मग कॉलेजच्या तीन मुली आल्या, एकीने मोठ्याने "हाय" म्हटलं तर आजींनी तिला "शूऽऽ" केलं. सगळं दुकान कुजबुजत होतं. आणि गंमत म्हणजे मला काही अडचण वाटेना. सगळेच माझ्या आवाजात बोलत होते. काय हवं, किती साखर, बसा, आणते. कोणी "काय म्हणालात?" असं विचारलं नाही. अर्ध्या तासात मी अनोळखी माणसांशी जेवढं बोलले तेवढं भाजीवाल्याशी वर्षभरात बोललेले नाही. हे कप उचलायला आले आणि बशीवर चमचा वाजला, तर चौघांनी वळून डोळे वटारले.

सकाळी दळून ठेवलेली भुकटी संपली आणि जायफळही संपलं, तेव्हा आजी दुसऱ्या कोपऱ्यात पेंगत होत्या.

सहा वाजता मुलीच्या हातून एक स्क्रू पडला. तो फरशीवर असा टणटणत गेला की बागवाले ताडकन उभे राहिले. "कुठलं स्टेशन?"

"वर्तकनगर," हे म्हणाले.

ते भानावर आले, तोंडावर पाणी मारून आले आणि सरळ मुलीसमोर जाऊन बसले. मुलीने यंत्र जोडलं. उरलासुरला वास जावा म्हणून मूठभर बिया फुकट दळून टाकल्या. मग दुसरी मूठ. तिने मला बोलावलं, वाटी पुढे केली. ह्या वेळी मी नीट वास घेतला. जायफळ नव्हतं. काहीतरी वेगळं होतं, ओल्या लाकडासारखं, वर चिकूच्या सालीसारखं. मी तसं सांगितलं, सगळं, मोठ्याने, बागवाल्यांच्या समोर. ते चित्रात नाही म्हणून यांनी हरकत घेतली, पण कोणी लक्ष दिलं नाही.

पाण्याची धार. कप. चमचा. सुर्रर्र. दुकानातले सगळे बघत होते. मुलीने श्वास रोखलेला, म्हणजे तोंडाने घेत होती तोही बंद.

बागवाल्यांनी चमचा खाली ठेवला. "चिकूचं बरोबर आहे ताईंचं," ते म्हणाले. "ही माझी." आणखी एक घोट घेतला. "देतो बिया. पण माझ्या बिया जातात त्या यंत्रात दुसरं काही जाणार नाही. जायफळाला किसणी आणा. आणि ताई तिथे मागे नको, पुढे असू द्या. कधीपासून पाठवू?"

मुलीने तोंड उघडलं, बंद केलं, आणि नाकडोळे एकदम वाहायला लागले. सर्दी की रडू ते मला कळलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. बागवाल्यांनीही बघितलं. सगळं दुकान माझ्याकडे बघत होतं.

"सोमवारपासून," मी म्हटलं.

नंतर समजलं की सोमवारी दुकान बंद ठेवायचं ठरलेलं होतं. पण मी बोलून गेलेले, आणि माझं बोलणं खोटं पडू नये म्हणून आता आम्ही मंगळवारी बंद ठेवतो.